शिपायाची रजा आणि घरचीं माणसें

पलटणींतला मुलगा गांवीं आला कीं उंबरठ्यावर पाय ठेवण्यापूर्वींच त्याला जो प्रश्न विचारला जातो, तो "किती दिवसांची रजा?" हा होय. विचारणाराच्या मनांत वांकडें कांहीं नसतें. तथापि येतांक्षणींच ज्याला जाण्याची तिथि विचारतात असा दुसरा पाहुणा कोणता? लांबून आलेल्या जांवईबापूंनाहि असें कोणी विचारीत नाहीं.

बँकेंतील किंवा सरकारी कचेरींतील नोकराची रजा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. किती शिल्लक राहिली, किती बुडाली, रविवार धरून चार दिवस कसे साधतील, याचा हिशेब घरोघर चाललेला असतो. त्याच मापानें आपण शिपायाची रजा मोजूं लागतों, आणि मग "त्याला काय, वर्षाकांठीं तीन महिने सुटी!" असें एखादा सहज बोलून जातो. हें बोलणें आम्हीं आजवर इतक्या ओसऱ्यांवर ऐकलें आहे कीं, त्याविषयीं एकदां लिहावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. पूर्वीं आपल्या पांढरपेशा कुटुंबांना या गोष्टीची फारशी जरूर पडत नसे. आतां खडकवासल्याच्या प्रबोधिनींत आपलीं मुलें जातात. २०२२ पासून मुलीहि जाऊं लागल्या, आणि त्यांतील पहिल्या सतराजणी ३० मे २०२५ रोजीं पदवी घेऊन बाहेर पडल्या. तेव्हां ही माहिती आतां केवळ कुतूहलाची राहिलेली नाहीं.

प्रथम शब्दच पाहूं. 'रजा' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसींतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ संमति, राजीखुशी असा आहे. राजी, राजीनामा, रजामंदी हीं त्याचींच भावंडें. "आम्हांला आतां रजा द्या" असें म्हणून उठणारे वृद्ध आम्हीं लहानपणीं पाहिले आहेत. तेथें तो मूळचा अर्थ शाबूत होता. कचेरींत मात्र तो घासून घासून 'हक्काचे दिवस' इतकाच उरला. सैन्यांत तो अद्यापि जुन्या अर्थानेंच चालतो. नियमांत दिवसांची संख्या लिहिलेली असते खरी, पण रजा हा हक्क म्हणून मागतां येत नाहीं. कामाची निकड असेल तर ती नाकारतां येते, दिलेली असली तरी मध्येंच मोडून परत बोलावतां येतें. संख्या ही वरची मर्यादा आहे; तें वचन नव्हे. एवढा एक भेद घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवला तर निम्मे रुसवेफुगवे टळतील.

महाराष्ट्राला ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था सांगितली आहे, तींत पावसाळ्याचे दिवस फौजेनें स्वदेशीं छावणीस येऊन काढावे आणि दसरा होतांच कूच करून आठ महिने परमुलखीं जावें असा क्रम आहे. म्हणजे विश्रांतीचा काळ सर्वांचा एकच, आणि तो ठरविणारा पर्जन्यराजा. नद्यांना पूर आले कीं शत्रूलाहि हालतां येत नसे. त्यामुळें सगळ्या फौजेनें एकदम परतण्यांत धोका नव्हता. पुढें पेशवाईंतहि पावसाळ्यांत घोडीं गांवीं आणून शेत पाहणारे शिलेदार पुष्कळ होते. आपण दसऱ्याला शमीपूजन करून शिवेपर्यंत जाऊन परत येतों आणि आपट्याचें सोनें वांटतों. ज्यांच्या घरांतला माणूस त्या दिवशीं शीव ओलांडून खरोखरच पुढें जात असे, त्या घरांत त्या सोन्याचा अर्थ निराळा असला पाहिजे.

इंग्रजी अमलांत बारमाही फौज आली आणि सर्वांची एकदम रजा ही गोष्ट संपली. पाळी आली. 'फर्लो' हा शब्द तेव्हांपासून हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडीं बसला. पण ती पाळीहि युद्धांत मोडे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी तपासनिसांच्या हातून जात असत व त्यांचे उतारे लंडनमध्यें जपून ठेवलेले आहेत. जखमी होऊन बरा झालेला माणूस घरीं न पाठवितां पुन्हां खंदकांत पाठवितात, ही त्यांतली वारंवार येणारी तक्रार. मेसापोटेमियांत कूत येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यांत सांपडली, तींत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमारीनें शरणागति झाली आणि जगले वांचले ते तुर्कांच्या कैदेंत गेले. साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंगे गांवाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, त्या एका गांवचे ४६ जण त्या महायुद्धांत पडले. रजेची वाट पाहणें म्हणजे काय, हें अशा गांवांतल्या म्हाताऱ्या बायकांना शिकवावें लागत नाहीं.

आतां आजचा हिशेब. भारतीय सेनेंत वार्षिक रजा साठ दिवसांची असते. ही अधिकारी आणि शिपाई या दोघांनाहि सारखीच. त्याखेरीज नैमित्तिक रजा अधिकाऱ्याला वर्षांत वीस दिवस आणि शिपाई, नाईक, हवालदार व सुभेदारापर्यंतच्या मंडळींना तीस दिवस. वर्ष जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचें. २०२२ च्या जून महिन्यांत जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखालीं जे चार वर्षांकरितां भरती होतात, त्या अग्निवीरांना मात्र वर्षाला तीस दिवसच मिळतात. एकाच खोलींत शेजारीं शेजारीं झोंपणाऱ्या दोघांत हा तिपटीचा फरक आहे, आणि तो आम्हांला खटकतो. न घेतलेली वार्षिक रजा ठराविक मर्यादेनें सांठते व निवृत्तीच्या वेळीं जास्तींत जास्त तीनशें दिवसांचा पगार तिच्याबद्दल हातीं पडतो. हा पैसा पुष्कळांच्या घराचें छप्पर होतो. पण तीनशें दिवस म्हणजे घरांतले किती सणवार आणि आजारपणें हुकलीं, तें त्या पैशाकडे पाहतांना घरच्यांना आठवत असेल.

साठ आणि तीस मिळून नव्वद. "मग तीन महिने झालेच कीं!" असें वाचक म्हणतील. येथें आमची जुनी संवय उफाळून येते; थोडें त्रैराशिक करूं. एका कंपनींत एकशें वीस माणसें आहेत असें धरा. प्रत्येकानें नव्वद दिवस पूर्ण घेतले तर वर्षांतल्या कोणत्याहि दिवशीं सरासरीनें तीस माणसें घरीं असणार, म्हणजे चौथा हिस्सा. यांतून आजारी, शिक्षणक्रमास गेलेले, दुसरीकडे कामास लावलेले वजा करा. राहिलेल्यांनीं पहारे, गस्ती, तोफा, गाड्या आणि भटारखाना सांभाळावयाचा. तेव्हां दिवाळींत घरीं जाणें ज्याला साधतें तो चारांतला एक. उरलेल्या तिघांनीं फराळाचा डबा पार्सलानें येण्याची वाट पाहावी. मिश्र पलटणींत थोडी सोय असते, कारण पंजाब्याला लोहडी हवी, मल्याळ्याला ओणम हवा, आणि त्या दिवसांत मराठी माणूस त्यांची जागा धरतो. उलट मराठा पलटणींत गणपति, दसरा, दिवाळी आणि गांवची जत्रा यांवर सर्वांचाच डोळा. बेळगांवच्या केंद्रांतून शिकून निघालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नायब सुभेदार झाल्यावर आपल्या तुकडीच्या पाळ्या लावण्याचें काम आलें. तो शाळेंत गणितांत कच्चा होता. तो सांगे, "गुरुजी, शत्रूपेक्षां या यादीचीच मला भीति वाटते." ज्याचें लग्न ठरलें तो पहिला, ज्याच्या घरीं बाळंतपण तो दुसरा, ज्याची आई आजारी तो तिसरा, गेल्या वर्षीं ज्याची दिवाळी हुकली तो चौथा, आणि यादी लावणारा स्वतः शेवटचा. पंधरा वर्षांच्या नोकरींत त्यानें घरची दिवाळी तीनदांच पाहिली.

दुसऱ्या देशांतून पद्धति वेगळ्या आहेत. अमेरिकेंत शिपायाच्या खात्यावर दरमहा अडीच दिवस जमा होतात, वर्षाचे तीस. त्यांत शनिवार-रविवार धरले जातात. तेथें रजा पगारासारखी मिळवावी लागते, आपल्याकडे ती वर्षारंभीं ठरते आणि मग मागावी लागते. कोणती बरी, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

रजेचा दाखला हातीं पडला म्हणजे माणूस घरीं पोंचला असें नाहीं. हिंवाळ्यांत झोजी-ला घाट बर्फानें बंद झाला कीं लडाखांतून खालीं येणें विमानावर अवलंबून, आणि विमान हवेवर अवलंबून. उंच चौकीवरून उतरून तळावर, तळावरून वाटेवरच्या छावणींत, तेथें आपल्या गाडीची पाळी येईपर्यंत मुक्काम, मग जम्मू किंवा चंदीगड, आणि तेथून आगगाडी. जम्मूहून पुण्यास येणारी झेलम एक्सप्रेस आमच्याकडच्या कितीतरी घरांना माहेरच्या माणसासारखी ठाऊक आहे. ती किती तास उशिरा धांवत आहे हें गांवांतल्या बाया मोबाइलवर पाहून एकमेकींना सांगतात. शिपायाला गांवीं जाण्यायेण्यासाठीं सरकारी वॉरंट असतें आणि इतर प्रवासाला सवलतीचीं पत्रें. मोठ्या स्टेशनांवर सैनिकांच्या प्रवासाची निराळी कचेरीहि असते. पण ऐन वेळीं रजा मंजूर झालेल्याला राखीव जागा कोठून मिळणार? दाराशीं लोखंडी पेटीवर बसून रात्र काढणारा जवान दिसला तर त्याला जरा सरकून जागा द्यावी. आपलें तिकिट पुष्कळ दिवस आधीं निघालें होतें, त्याची रजा कदाचित् परवांच निघाली असेल.

परतीची वाट तर याहून कठीण. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा जिल्ह्यांत लेथपोरा येथें केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या ज्या ताफ्यावर स्फोटकांनीं भरलेली मोटार आदळविण्यांत आली, त्या ताफ्यांत अडीच हजारांवर जवान होते आणि त्यांतले पुष्कळसे रजा संपवून कामावर निघाले होते. चाळीस जण गेले. दोन महाराष्ट्रांतले, बुलढाणा जिल्ह्याचे. त्यानंतर आठवड्याभरांतच या दलांच्या सर्व जवानांना दिल्ली, जम्मू व श्रीनगर या दरम्यान, रजेवर येतां-जातांनाहि, विमानानें प्रवास करण्याची परवानगी मिळाली. जातां जातां एक सांगावयाचें म्हणजे, हीं पोलिस दलें सेनेंत मोडत नाहींत, त्यांचें खातें गृहमंत्र्यांकडे असतें व त्यांचे रजेचे नियमहि वेगळे आहेत. वर्तमानपत्रें वाचतांना आपण दोन्ही एकच समजतों. वर्षांतले शंभर दिवस जवान कुटुंबांत असावा, असें गृहमंत्र्यांनीं त्यांच्याबाबत २०१९ सालींच जाहीर केलें होतें.

रजा मोडून बोलावणें येतें म्हणजे काय, तें मे २०२५ मध्यें सर्व देशानें पाहिलें. त्या आठवड्यांत घरीं आलेल्या जवानांना निरोप गेले, आणि वैशाखांतल्या लग्नसराईंतून अंगावरची हळद निघाली नाहीं तोंच कित्येक नवरदेव स्टेशनावर आले. कायद्यानें या प्रसंगासाठीं स्वतंत्र शब्द योजले आहेत: रजेवर असतांना आपलें पथक युद्धसेवेवर निघाल्याची खबर योग्य ठिकाणाहून कळूनहि जो विनाकारण विलंब लावील, तो गुन्हेगार.

आतां घरांतल्या गोष्टी. आमच्या ओळखीच्या एका वाड्यांत सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलाच्या येण्याच्या तारखेपासून रोज एक काम लिहून ठेवीत. पहिल्या दिवशीं कुलस्वामिनी, दुसऱ्या दिवशीं आत्या, तिसऱ्या दिवशीं तलाठी. मग शेतीची मोजणी, विम्याचा हप्ता, पाण्याची टाकी, धाकट्याच्या नोकरीची खटपट. अठ्ठावीस दिवसांची रजा अठ्ठावीस कामांत संपली. जातांना मुलगा हंसून म्हणाला, "आई, कवाइतींत मधून मधून विश्राम तरी असतो." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पुढें कधींतरी त्यांनीं आमच्या घरच्या मंडळींजवळ सांगितलें कीं, त्या महिन्यांत दोघांना निवांत बसावयास मिळालें अशा संध्याकाळी चार होत्या. मोजून चार. आपल्या साहित्यशास्त्रानें प्रोषितभर्तृका म्हणून एक नायिका मानली आहे, आणि कवींनीं तिच्या विरहाचीं वर्णनें करण्यांत कसूर केलेली नाहीं. पण भर्ता घरीं परत आलेला आहे आणि माजघराच्या पलीकडे चुलत्यांच्या बैठकींत तीन तास बसलेला आहे, या अवस्थेंतील नायिकेकडे त्यांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. एकत्र कुटुंबाचे आम्ही अभिमानी आहोंत. सून आणि नातवंडें एकटीं पडत नाहींत हा त्याचा मोठाच गुण. म्हणूनच वडील माणसांनीं आपण होऊन रजेचे पहिले आठ दिवस त्या दोघांना मोकळे सोडावे. तलाठी कोठें पळून जात नाहीं.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. सैनिकांच्या आत्महत्यांविषयीं संसदेंत जेव्हां जेव्हां प्रश्न आले, तेव्हां सरकारनें सांगितलेल्या कारणांत घरगुती कलह आणि पैशाच्या अडचणी आल्या, आणि उपायांत रजेचें उदार धोरण आलें. मुलगा सीमेवर असतांना भाऊबंदकीचें प्रत्येक भांडण त्याला रात्रीं फोनवर ऐकविणारीं घरें आम्हांला ठाऊक आहेत. त्यापेक्षां त्याच्या हिताचा एक जुना कायदा ठाऊक करून घ्यावा. १९२५ च्या भारतीय सैनिक (वाद) अधिनियमाप्रमाणें, युद्धांत किंवा विशेष परिस्थितींत सेवेवर असल्यामुळें सैनिकाला दिवाणी दाव्यांत हजर राहतां येत नसेल तर न्यायालय तो दावा तहकूब ठेवूं शकतें. कलेक्टरहि न्यायालयाला तसें कळवूं शकतात. आणि त्याच्या गैरहजेरींत झालेला एकतर्फी निकाल फिरविण्याचीहि तरतूद आहे. शेताच्या दाव्याची तारीख आली म्हणून मुलाला रजा टाकावयास लावण्यापूर्वीं वकिलाला हें विचारावें.

स्त्री सैनिकांविषयीं थोडक्यांत. प्रसूतीची रजा पूर्ण पगारी १८० दिवस, दोन अपत्यांपर्यंत. मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत त्याच्या संगोपनासाठीं सबंध नोकरींत मिळून ३६० दिवस. दत्तक घेतल्यास १८० दिवस. या सवलती पूर्वीं अधिकारी स्त्रियांना होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्व हुद्द्यांच्या स्त्रियांना त्या सारख्याच लागू करण्यास संरक्षणमंत्र्यांनीं मान्यता दिली.

राहिली ती सर्वांत नाजूक गोष्ट. रजा संपत आली कीं आईचा पाय मोडतो. कधीं खरा मोडतो, कधीं मोडला असें कळविलें जातें. पूर्वीं "आई अत्यवस्थ, ताबडतोब ये" अशी तार असे, आतां संदेश असतो. आणि कमान अधिकाऱ्यानें असे इतके संदेश पाहिलेले असतात कीं खऱ्या आजारालाहि संशयाचा फेरा पडतो. एका घरच्या खोट्या तारेची किंमत दुसऱ्या घरची आई देते. याहून वाईट म्हणजे "राहा दोन दिवस, काय होतंय?" हा प्रेमळ आग्रह. १९५० च्या सेना अधिनियमाच्या ३९ व्या कलमाप्रमाणें पुरेशा कारणावांचून मंजूर रजेपेक्षां जास्त राहणें हा अपराध असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. तीस दिवस पत्ता नसेल तर चौकशी बसते, तींत त्याची गैरहजेरी नोंदली जाते, आणि तो स्वतः हजर झाला नाहीं वा पकडला गेला नाहीं तर त्याला फरारी मानण्यांत येतें. दोन दिवसांची शिक्षा एवढी होत नाहीं हें खरें. पण नोंदवहींत लाल शाई पडते, पुढची बढती अडते, आणि पुढच्या वर्षीं यादी लावणारा सुभेदार त्याचें नांव खालीं सरकवितो.

खरीच अडचण असेल तर मार्ग आहे. रजा संपण्यापूर्वीं, संपल्यावर नव्हे, पलटणीला कळवावें. प्रथम फोन करावा आणि लगेच लेखी अर्ज पाठवावा. अर्जांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नांव, पलटण व कंपनी. रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. किती दिवस वाढवून हवी व कां. सध्यांचा पत्ता आणि फोन इतकें असावें. आजाराचें कारण असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. सैनिक स्वतःच आजारी पडला तर जवळच्या सैनिकी रुग्णालयांत जावें, तें दूर असेल तर सरकारी रुग्णालयांत दाखल होऊन तेथून पलटणीला खबर द्यावी. उत्तर येईपर्यंत रजा वाढली असें समजूं नये. कोणाला कसें लिहावें हें कळत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतें, तेथें विचारावें. अर्ज स्पीड पोस्टानें धाडावा, आणि पावती व अर्जाची एक नक्कल घरीं जपून ठेवावी.